ओपन सोर्स प्रकल्पांची कोअर टीम : निवडीचा नियम लिखित हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीतून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘ओपन सोर्स प्रकल्पांत योगदान द्या, नोकरीच्या वेळी त्याचा उपयोग होतो’ असा सल्ला वरचेवर दिला जातो. सल्ला योग्य आहे आणि नाशिकचे विद्यार्थी तो मनावर घेताना दिसतात, ही समाधानाची बाब आहे. माझ्याकडे येणारे विद्यार्थी आपल्या किती पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधील बदल घ्यावा अशा विनंत्या, स्वीकारल्या गेल्या, याची नोंद मोठ्या हौसेने ठेवतात. मात्र त्या स्वीकारणारी माणसे कोण, आणि स्वीकारण्याचा अधिकार त्यांना कुणी व कोणत्या कसोटीवर दिला, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. मी नाशिकमध्ये राहून बरीच वर्षे सॉफ्टवेअरचे काम करते, एका लहानशा ओपन सोर्स प्रकल्पात इतरांनी पाठवलेले बदल तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि सुट्टीच्या दिवशी काही विद्यार्थ्यांना या कामाची ओळख करून देते. या विषयावर मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून पत्र थोडे लांबले तरी आपण ते छापावे, अशी विनंती आहे.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येतो, उतरवून घेता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून बदलता येतो. पण मूळ प्रकल्पाच्या कोडमध्ये एखादा बदल कायमचा दाखल करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे असतो. बाहेरचा माणूस बदल सुचवतो. हे मोजके लोक तो ओळ न् ओळ वाचतात, शंका विचारतात, दुरुस्त्या सांगतात आणि शेवटी तो घेतात किंवा नाकारतात. त्यांना कुठे मेंटेनर म्हणतात, कुठे कमिटर, तर कुठे कोअर टीम. या मंडळींनी घेतलेला निर्णय पुढे लाखो संगणकांवर आणि मोबाइलवर जाऊन बसतो, त्यामुळे या टीममध्ये माणूस कसा निवडला जातो, हा त्या प्रकल्पाचा अंतर्गत प्रश्न राहत नाही. काही प्रकल्प बाहेरच्यांना दारच उघडत नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस सार्वजनिक मालकीत दिलेला आहे, पण त्याचे अगदी छोटे मंडळ बाहेरून आलेला कोड घेत नाही आणि तसे जाहीरपणे सांगते. त्या धोरणाशी कुणी सहमत असो वा नसो, तेथे वेळ घालवायचा की नाही हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळते. माझा आक्षेप आहे तो ‘सर्वांचे स्वागत आहे’ असे लिहून आत कसे यायचे याचा नियम मात्र कुठेच न लिहिणाऱ्या प्रकल्पांवर, आणि अशा प्रकल्पांची संख्या फार मोठी आहे.

मोठे प्रकल्प या प्रश्नाला वेगवेगळ्या मार्गांनी सामोरे गेले आहेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पात, मतदान होत नाही. तेथे प्रत्येक उपविभागाचा मेंटेनर ठरलेला असतो, त्याचे नाव कोडसोबतच्या एका फाइलमध्ये लिहिलेले असते आणि बदल एका विश्वासू हातातून वरच्या विश्वासू हाताकडे जात जात टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोहोचतो. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने २००० सालापासून निवडणुकीचा मार्ग धरला. त्याची कोअर टीम नऊ जणांची असते, दर दोन वर्षांनी तिची निवड होते आणि मतदानाचा हक्क अलीकडच्या काळात प्रत्यक्ष काम केलेल्या कमिटरांनाच असतो. नव्याने आलेल्या कमिटरला तेथे एक मार्गदर्शक नेमून दिला जातो आणि सुरुवातीचे काही महिने त्याच्या संमतीशिवाय त्या नवख्याने काही दाखल करायचे नसते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण ही भाषा आता नाशिकच्या शाळकरी मुलांनाही शिकवली जाते. तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा शब्द कित्येक वर्षे अंतिम मानला जाई. २०१८ मध्ये भाषेतील एका छोट्याशा सुधारणेवरून कमालीचा कडवट वाद झाला आणि सुधारणा मंजूर झाल्यानंतर जुलैमध्ये त्यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. त्यांनी वारस नेमला नाही. पुढचा कारभार कसा चालवायचा हे कोअर डेव्हलपरांनीच ठरवावे, असे सांगताना त्यांनी दोन प्रश्न मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवले : भाषेतील सुधारणांचे प्रस्ताव कसे निकालात काढायचे, आणि नवे कोअर डेव्हलपर कसे घ्यायचे. इतका मोठा प्रकल्प, जगभर वापरली जाणारी भाषा, आणि तरीही हा दुसरा प्रश्न तोवर बराचसा रिवाजावरच चालत होता. पुढे कारभाराचे अनेक पर्यायी मसुदे मांडले गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मतदानाने एक निवडला गेला. त्यानुसार पाच जणांची सुकाणू परिषद असते आणि एका कंपनीचे दोनपेक्षा अधिक लोक तिच्यात बसू शकत नाहीत. नव्या कोअर डेव्हलपरचे नाव विद्यमान सदस्याने सुचवायचे, आठवडाभर मतदान चालायचे आणि दोन तृतीयांश मते अनुकूल पडली पाहिजेत, असा साधा, कुणालाही वाचता येईल असा नियम झाला. या नियमात काही थोर तत्त्वज्ञान नाही. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपण कुठे आहोत आणि पुढची पायरी कोणती, हे त्यावरून कळते, आणि एखाद्याला नाकारले गेले तर ते एका व्यक्तीच्या मर्जीने झाले नाही, एवढी खात्री त्याला मिळते.

डेबियन हा १९९३ मध्ये सुरू झालेला, लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली तयार करणारा प्रकल्प याबाबत सर्वांत काटेकोर म्हणावा लागेल. त्याने १९९८ मध्ये स्वतःची घटनाच मंजूर करून घेतली आणि प्रकल्पप्रमुखाची निवड तेथे दरवर्षी मतदानाने होते. सदस्य होऊ इच्छिणाऱ्याला आधी विद्यमान सदस्याची शिफारस मिळवावी लागते. मग त्याच्यासाठी नेमलेला एक सदस्य प्रकल्पाची तत्त्वे, परवान्यांचे नियम, कामाच्या पद्धती आणि प्रत्यक्ष कौशल्य यांवर पत्रव्यवहारातून सविस्तर प्रश्न विचारतो, त्याच्या कामाचे नमुने तपासतो आणि अहवाल देतो. त्यानंतर खाती उघडण्याचा अधिकार असलेली वेगळी मंडळी निर्णय घेतात. यात महिने जातात. शिवाय उमेदवाराच्या डिजिटल किल्लीवर, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या संगणकीय फाइलीवर, विद्यमान सदस्यांच्या सह्या लागतात, आणि त्या प्रत्यक्ष भेटून घेण्याची प्रथा आहे. दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, हातात छापील चिठ्ठ्या असतात, एक जण आपल्या किल्लीची चाळीस अंकी-अक्षरी ओळखखूण चार-चारच्या गटांनी वाचून दाखवतो, दुसरा आपल्या चिठ्ठीवर ती पडताळत खूण करत जातो, मग पासपोर्ट किंवा तत्सम ओळखपत्र पाहिले जाते आणि घरी गेल्यावर सही केली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला झाली, तेव्हा भारतातल्या अनेकांना अशा भेटी आपल्या देशात साधता आल्या. एरवी नाशिकच्या विद्यार्थ्याला यासाठी बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि तालुक्याच्या गावातील मुलीला तर त्याहून अधिक.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारले तर मी २०२४ सालची एक्सझेड युटिल्सची घटना सांगते. फाइल लहान करण्याचे हे एक साधन, लिनक्सच्या जवळपास सर्व वितरणांत (डेबियनसारख्या वापरण्यास तयार संचांत) असणारे, आणि त्याची देखभाल मुख्यतः एकच माणूस, पगाराशिवाय, छंद म्हणून करत होता. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी तेथे येऊन छोटे छोटे बदल पाठवू लागले. काम नीटनेटके होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी मूळ मेंटेनरवर दबाव आणायला सुरुवात केली : बदल वेळेवर घेतले जात नाहीत, प्रकल्प थंडावला आहे, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्या. ती नावे त्यापूर्वी कुठे दिसली नव्हती आणि काम झाल्यावर पुन्हा दिसली नाहीत. थकलेल्या मेंटेनरने हळूहळू अधिकार दिले आणि २०२३ पर्यंत नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचे कामही या नव्या हाती गेले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. त्याचा मुख्य भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता, आणि तो जागा करणारी कळ फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती, सर्वांसमोर असलेल्या कोडच्या नोंदीत नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसचे एक जाणते डेव्हलपर वेगळ्याच कामाची मोजमापे घेत असताना त्यांना दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि प्रोसेसरवर विनाकारण ताण येतो आहे, असे दिसले. त्यांनी चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जगजाहीर केली. चोरदरवाजा असलेल्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोहोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या घटनेतून चुकीचा धडा घेतला जाण्याची मला काळजी वाटते. ‘अनोळखी माणसाला आत घेऊ नका’ असे म्हणणे फार सोपे आहे, आणि त्याचा पहिला फटका आपल्यासारख्या ठिकाणच्या लोकांना बसतो. ज्यांना परदेशातील परिषदांना जाण्यासाठी व्हिसा आणि पैसा मिळत नाही, ज्यांचे नाव युरोप-अमेरिकेतील मेंटेनरच्या कानाला नवीन वाटते, ज्यांचे इंग्रजी अडखळत येते, ते सगळेच अनोळखी ठरतात. एक्सझेडमध्ये अनोळखी माणूस आत आला, याहून गंभीर गोष्ट अशी की त्याला आत घेण्याचा निर्णय एका थकलेल्या माणसावर येऊन पडला होता, त्याला सल्ला द्यायला दुसरे कुणी नव्हते, अधिकार टप्प्याटप्प्याने किती आणि केव्हा द्यायचे याचा ठरलेला क्रम नव्हता, आणि नव्याने अधिकार मिळालेल्याचे काम तपासायला तिसरा डोळा नव्हता. दबाव आणणाऱ्यांना ‘आमच्याकडे याचा नियम आहे आणि त्यानुसार इतके महिने लागतात’ असे उत्तर देता आले असते, तर त्या मेंटेनरच्या डोक्यावरचा भार निम्मा झाला असता. लिखित नियम उमेदवाराला जसा उपयोगी पडतो, तसा तो आतल्या माणसाचेही रक्षण करतो. सेवाभावाने चालणाऱ्या कामात नाही म्हणणे फार अवघड जाते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते.

मग कसोटी कोणती असावी? लिहिलेल्या कोडच्या ओळी किंवा स्वीकारलेल्या पुल रिक्वेस्ट मोजणे ही सर्वांत वाईट कसोटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डिजिटलओशन या कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट दिला जाई. २०२० मध्ये निरर्थक बदलांचा, म्हणजे माहितीच्या फाइलीत एखादा शब्द वाढवणे वगैरेंचा, असा पूर मेंटेनरांवर आला की ऐन महिन्यात नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी आपणहून संमती दिली आहे त्यांच्यातच काम धरले जाऊ लागले. त्या पुरात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, हे आपण मान्य केले पाहिजे. त्यात मुलांचा दोष मी कमी मानते. ज्यांनी त्यांना केवळ संख्या मोजायला शिकवले त्यांचा अधिक.

मेंटेनर खरोखर काय पाहतात, ते एका उदाहरणावरून सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीला एका प्रकल्पातील अर्जामध्ये देवनागरी अंक टाकले की ‘ही संख्या नाही’ असा संदेश येतो, हे आढळले. तिने मेहनतीने दुरुस्ती केली आणि पाठवली. दुसऱ्या देशातील मेंटेनरने उत्तरात एवढेच विचारले की एकाच रकान्यात अर्धे अंक देवनागरी आणि अर्धे इंग्रजी असतील तर काय व्हावे, आणि यासाठी चाचणी कुठे आहे. तिला तो नकार वाटला आणि तिने काही दिवस उत्तरच दिले नाही. आपल्याकडे वर्गात प्रश्न विचारणे म्हणजे चूक पकडणे, असे मुलांच्या मनात इतके खोल बसलेले असते की तपासणाऱ्याचा प्रश्न हा सोबत काम करण्याचा प्रस्ताव असू शकतो, हे त्यांना समजावून सांगावे लागते. पुढे तिने मिश्र अंक नाकारायचे ठरवले, त्यामागचे कारण मोजक्या शब्दांत लिहिले, चाचण्या जोडल्या आणि बदल घेतला गेला. पण तिला त्या प्रकल्पात पुढची जबाबदारी मिळाली ती या बदलामुळे नव्हे. नंतरचे कित्येक महिने भारतीय लिप्यांविषयी कुणी तक्रार नोंदवली की ती स्वतः करून पाहायची, कोणत्या ब्राउझरवर घडते आणि कोणत्यावर घडत नाही ते लिहायची, जुनीच तक्रार असेल तर तिच्याशी जोडून द्यायची. मेंटेनरांचा वेळ वाचू लागला, तेव्हा त्यांनी आपणहून तिला तक्रारी वर्गीकृत करण्याचा अधिकार दिला. तिने लिहिलेला कोड आजही थोडाच आहे.

चाचणी, तक्रारींची छाननी, माहितीपुस्तिका, भाषांतर, नवख्यांना उत्तरे देणे ही कामे कोअर टीमच्या निवडीत धरली जावीत की नाहीत, यावर अनेक प्रकल्पांत वाद झाले. डेबियनने २०१० मध्ये सर्व सदस्यांचा ठराव करून पॅकेज, म्हणजे संगणकावर बसवण्यास तयार असे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, तयार न करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्यत्वाचे, मतदानासह, दार उघडले. त्यांना पॅकेज चढवण्याचा तांत्रिक अधिकार नसतो, एवढाच फरक. मला ही रचना अत्यंत समंजस वाटते, कारण तिने निर्णयात सहभागी होण्याचा हक्क आणि किल्ली हाती असणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ज्याला कोडवर अधिकार देण्याची गरज नाही त्याला तो देऊ नये, आणि तरीही ज्याचे कष्ट प्रकल्पाला उभे ठेवतात त्याला प्रकल्पाच्या भवितव्यावर मत असावे. मराठी भाषांतर आणि मराठी लिपीच्या चाचण्या करणारे आपले लोक बहुतेक प्रकल्पांत आजही कायमचे पाहुणेच राहतात, त्यांच्यासाठी हा मार्ग फार महत्त्वाचा आहे.

माणसांविषयीची चर्चा खुली असावी की बंद, हा प्रश्न अवघड आहे. अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारे अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन १९९९ मध्ये स्थापन झाले, आणि तेथे तांत्रिक चर्चा शक्यतो सर्व उघड्यावर चालते. एखाद्या कोडबदलाला विरोधाचे मत द्यायचे तर तांत्रिक कारण द्यावे लागते, नाहीतर ते ग्राह्य धरत नाहीत. पण नव्या कमिटरचे नाव मात्र खासगीत चर्चिले जाते आणि मतदान अनुकूल झाल्यावरच त्या व्यक्तीला विचारले जाते. ज्याचे नाव मंजूर झाले नाही त्याला आपला विषय निघाला होता हेही सहसा कळत नाही, त्यामुळे त्याची चारचौघांत मानहानी होत नाही आणि सदस्यांनाही मोकळेपणाने बोलता येते. उघडपणाची आवड असूनही मला ही पद्धत पटते. व्यक्तीची चर्चा बंद खोलीत व्हावी. पण कसोट्या, किती मते लागतात, कोण मत देतो आणि निकाल काय लागला, हे सर्व जाहीर असावे. अपाचीत कंपन्यांना नव्हे, व्यक्तींनाच सदस्यत्व मिळते, हेही त्यांनी आरंभापासून जपले आहे. ही सावधगिरी किती गरजेची आहे हे पोस्टग्रेसच्या उदाहरणावरून दिसते : २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतल्यामुळे त्याच्या कोअर टीममधील अर्ध्याहून अधिक माणसे एकाच मालकाच्या पगारावर आली, तेव्हा कोणत्याही एका कंपनीचे निम्म्याहून अधिक सदस्य नसावेत हा आपला जुना संकेत पाळण्यासाठी टीमने दोन नवे सदस्य घेऊन संख्या सातवर नेली. त्या दोघांपैकी एक आंद्रेस फ्रॉइंड होते. हा संकेत तोवर अलिखित होता, हे येथे लक्षात घ्यावे.

आत येण्याइतकाच बाहेर जाण्याचाही नियम लिहिलेला असावा. पायथॉनमध्ये दोन वर्षे काही भरीव काम न केलेल्या सदस्याला निष्क्रिय यादीत जाण्यास सांगता येते आणि तो परतही येऊ शकतो. वापरात नसलेल्या खात्याची चोरी झाली तर त्याचे अधिकारही चोराकडे जातात, म्हणून ही व्यवस्था सुरक्षेसाठीही हवी. याउलट ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनरांच्या यादीतून रशियाशी संबंधित काही नावे काढली गेली, तेव्हा सुरुवातीला ‘अनुपालनाच्या विविध गरजा’ एवढेच कारण दिले गेले. निर्बंधांचा कायदा पाळणे भाग असेल, त्याविषयी मी बोलत नाही. पण वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला एका ओळीच्या कारणाने यादीतून काढले जाते, हे पाहून भारतासारख्या देशातील योगदान देणाऱ्याच्या मनात उद्या आपले काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे.

आपल्या जिल्ह्यातील सहकाराची रीत जाणणाऱ्या वाचकांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. कोणत्याही सहकारी संस्थेच्या उपविधींत सभासद कोण होऊ शकतो, संचालक कसा निवडतात, सभासदत्व केव्हा रद्द होते, हे लिहिलेले असते, आणि भांडण झाले की लोक आधी उपविधी काढून बसतात. उपविधी असूनही संस्था बिघडतात, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. पण बिघाड झाला आहे हे बोट ठेवून दाखवता येते, ते उपविधी असतात म्हणूनच.

हा विषय नाशिकच्या दृष्टीने आत्ताच बोलण्याचे आणखी एक कारण आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी येथील विद्यार्थी आणि तंत्रज्ञांनी कुंभथॉन या उपक्रमात पायाखालच्या चटईवरून गर्दी मोजण्यासारखी साधने तयार केली होती. २०२७ च्या सिंहस्थासाठीही गर्दी, वाहतूक, आरोग्य यांसाठी सॉफ्टवेअर लागणार आहे. सरकारी सॉफ्टवेअरसाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे आणि सरकारी अॅप्लिकेशनचा कोड खुला करून सहकार्याने विकसित करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. मात्र कोड प्रसिद्ध करणे आणि प्रकल्प खुला असणे यांत अंतर आहे. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड अॅपचा कोड प्रसिद्ध झाला, परंतु बाहेरून आलेल्या सूचनांवर निर्णय घेणाऱ्या गटात स्वयंसेवक डेव्हलपरला कधीकाळी स्थान मिळू शकेल, असा मार्ग त्यात आखलेला नव्हता. सिंहस्थासाठी जे काही खुले केले जाईल, त्यासोबत निर्णय कोण घेतो, किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि सातत्याने काम करणाऱ्या नाशिकच्या तरुणाला तपासणीचा अधिकार कोणत्या अटींवर मिळेल, हे एका पानावर लिहून त्याच दिवशी प्रसिद्ध करावे, अशी माझी संबंधित यंत्रणांना विनंती आहे. मेळा संपल्यावर देखभाल कुणाकडे जाईल, हेही त्याच पानावर असावे. नाहीतर ते सॉफ्टवेअर पुढच्या सिंहस्थापर्यंत कुणाच्याही हाती राहणार नाही.

महाविद्यालयांच्या संगणक विभागप्रमुखांनाही एक सुचवावेसे वाटते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ओपन सोर्समधील काम धरताना पुल रिक्वेस्टची संख्या मागू नये. त्याऐवजी विद्यार्थ्याने निवडलेल्या प्रकल्पात कोअर टीम कशी ठरते, नियम लिखित आहे का, नसल्यास प्रत्यक्ष व्यवहार काय दिसतो, याची दोन पानी टिपणी पहिल्याच महिन्यात मागावी, आणि वर्षअखेरीस इतरांच्या बदलांवर त्याने केलेली तपासणी वाचून गुण द्यावेत. ही तपासणी प्रकल्पाच्या नोंदीत सर्वांसमोर उपलब्ध असते, त्यामुळे परीक्षकाला ती सहज पाहता येते, आणि दुसऱ्याचे काम कुणी किती बारकाईने व किती सौजन्याने वाचले हे त्यात लपत नाही. एखाद्या विभागाला असे करून पाहायचे असेल, तर प्रकल्प निवडण्यापासून टिपणीच्या मसुद्यापर्यंत मदत करण्यास मी आणि माझ्यासोबत काम करणारे काही जण तयार आहोत. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता दिलेला आहे.

आपली नम्र,
एक ओपन सोर्स कार्यकर्ती,
इंदिरानगर, नाशिक